परतीची तारीख

दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी नागपूरच्या शांतता प्रतिष्ठानात सीमेपलीकडून अर्ज आला: आजी आजारी आहे, तानियाला घरी पाठवा. पाचपर्यंत असेच एकतीस अर्ज आले. सगळे तिकडच्या अण्वस्त्र अधिकाऱ्यांचे. करारानुसार त्यांची मुलं प्रतिष्ठानच्या वसतिगृहात शिकत. ती इथं असेपर्यंत शहरावर अणुबाँब पडणार नव्हता.

"मावशी, आजी तर मागंच वारली," नऊ वर्षांची तानिया म्हणाली.

"दुसरी असेल गं," संचालिका मृदुला टिपणीस म्हणाल्या.

मुलांना आईबापांकडे जाण्यापासून अडवायचं नाही, हे कलम त्यांनीच भांडून करारात घातलं होतं. त्यांनी सगळ्या अर्जांवर सह्या केल्या.

"येताना तुम्हाला काय आणू?" तानियानं विचारलं.

"तू ये, पुरे."

विमान सहाला सुटलं. परतीची तारीख एकाही अर्जात भरलेली नाही.