नऊ विरुद्ध नऊ

खूण कुठल्या चौकोनात करायची, हे भारतला कुणी सांगायची गरजच नव्हती. वरचा चौकोन त्याच्या मसुद्याचा होता, खालचा ओसाकाच्या कंपनीतल्या ओकादाबाईंच्या. सुट्टीत गावी, तळेगाव ढमढेऱ्यात, संपतच्या एसटीडी बूथवर सकाळी फॅक्सनं मतदानाचा फॉर्म आला, तेव्हाच त्यानं पेन बाहेर काढलं होतं. तेवढ्यात मळ्यातून सांगावा आला. पंपाचा पाईप फुटला होता आणि लाईट दोनपर्यंतच होती. फॉर्म खिशात कोंबून तो पळाला. यंत्रांच्या जोडणीचे नियम ठरवणाऱ्या समितीकडं उत्तर संध्याकाळी पाचपर्यंत पोचायचं होतं.

भांडण तसं साधं होतं. कॅमेरा एका कंपनीचा, टीव्ही दुसरीचा, डिस्क तिसरीची. सगळी एका वेगवान वायरीत ओवली, तर त्यांनी एकमेकांना ओळखायचं कसं? भारतचं म्हणणं, नवं यंत्र आलं की प्रत्येकानं आपापलं नाव सांगावं. ओकादाबाईंचं म्हणणं, एकाला कारभारी नेमावं आणि त्यानं सगळ्यांची नावं सांभाळावीत. दोन वर्षं दोघं तावातावानं पत्रं लिहीत होते. ओकादाबाई त्याच्या मसुद्यातला चुकलेला स्वल्पविरामसुद्धा सोडत नसत, आणि तोही काही कमी नव्हता. त्याची आई सिंधूबाई त्यांना ‘तुझी जपानची भाऊबंद’ म्हणायची.

अठरा कंपन्या मत द्यायच्या. तीन फेऱ्या झाल्या, तिन्ही वेळा नऊ विरुद्ध नऊ. चौथी फेरी शेवटची. यंदा, १९९९ सालीही निकाल लागला नाही, तर विषय बासनात जाणार आणि ज्यानं त्यानं आपापली वायर काढायची. मग कुणाचं यंत्र कुणाला जुळणार नव्हतं. भारतच्या पुण्याच्या कंपनीतले साहेब मात्र शहाणे. एवढंच म्हणाले, "दोन वर्षं तू राबलास. मत कुणाला द्यायचं तेही तूच ठरव."

मळ्यात सिंधूबाई फुटक्या पाईपापाशी डोक्याला हात लावून बसली होती. कांद्यानं माना टाकल्या होत्या. शेजारचे सर्जेराव आपला कोरा पाईप खांद्यावर टाकून आले, पण तो दुसऱ्या कंपनीचा. तोंडाला तोंड जुळेना. भारतनं सायकलच्या ट्यूबची पट्टी करकचून गुंडाळली. पाण्याच्या जोरानं ती दोनदा उडाली. सव्वा वाजला. सर्जेरावांनी एक शिवी हासडली, घरातून करवत आणली आणि कोऱ्या पाईपचं जोडाचं टोक सरळ कापून टाकलं. कापलेलं तोंड पाचटाच्या जाळावर धरलं. ते मऊ पडलं तसं सिंधूबाईच्या पाईपवर दाबून बसवलं. पंप सुरू केला. थेंबही न सांडता पाणी वाफ्याकडं निघालं.

"मामा, कोरा पाईप होता की तुमचा," भारत म्हणाला. "आता तुमच्याच पाईपांना न्हाई जुळायचा त्यो."

"मग काय, माझा पाईप कोरा ठिवून तुमचा कांदा वाळू द्यायचा व्हय रं?" सर्जेराव त्याच्यावरच खेकसले. "पानी फुडं गेलं न्हवं? झालं तर!"

सिंधूबाईनं हात जोडले. "लई उपकार झालं, दादा," ती म्हणाली. सर्जेरावांना असलं काही जमत नसे. ते करवत उचलून चालू लागले.

भारत बांधावर बसून राहिला. त्या माणसाबद्दल त्याचं मन भरून आलं होतं आणि स्वतःची थोडी लाजही वाटत होती. त्यानं फॉर्म काढून घडी सरळ केली. ओकादाबाईंच्या पद्धतीत खोट होती का? नव्हती. ती आपली नव्हती, एवढंच.

साडेचारला त्यानं बूथवर जाऊन खालच्या चौकोनात खूण केली. मशीननं कागद आत ओढून घेतला. दोन वर्षांचं लेकरू दुसऱ्याच्या ओटीत घातल्यासारखं त्याला वाटलं. पण घरी चालत जाताना पाय हलके पडत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी निकालाचा फॅक्स आला. पहिल्याच ओळीत आकडे होते : नऊ विरुद्ध नऊ.

भारतनं आकडे पुन्हा वाचले. दहा विरुद्ध आठ व्हायला हवं होतं.

"संपत, काल माझा कागद नक्की गेला होता ना?"

"गेला म्हंजी? ही बघा पावती. मशीन खोटं बोलंल व्हय, भारतभाऊ?"

भारतनं पुढं वाचलं. समितीच्या अध्यक्षांनी लिहिलं होतं : ‘मतं बरोबरीत आहेत. तरी विषय बंद करत नाही. दोन्ही मसुद्यांच्या लेखकांनी आता मिळून एकच मसुदा लिहावा. तो सगळे मान्य करतील याची मला खात्री आहे. ती का, हे खालची यादी वाचून कळेल.’

यादीत अठरा ओळी होत्या. भारतनं बोट लावून वाचायला सुरुवात केली. त्याचं स्वतःचं मत बरोबर ओकादाबाईंच्याच मसुद्याला पडलं होतं. म्हणजे पलीकडून कुणीतरी इकडं आलं होतं. बोट एकेक ओळ खाली सरकत गेलं आणि ओसाकाच्या ओळीवर थांबलं. तिथं मत देणाऱ्याच्या जागी ओकादाबाईंची सही होती, आणि खूण त्यांनी भारतच्या मसुद्यापुढं केली होती.