एक सवारी बाकी

तीन पस्तीसची बस पावणेचार झाले तरी विद्यापीठाच्या थांब्यावरून हललेली नव्हती. ड्रायव्हरमागच्या बायकांच्या बाकावर गोपिका खिडकीला चिकटून बसली होती. समोर दांडीला लोंबकळणाऱ्या मुलाच्या मनगटावरचं घड्याळ पाहून पाहून तिचा जीव टांगणीला लागला होता. इथून स्टेशनला पोचायला अर्धा तास. बोरखेडीकडे जाणारी पॅसेंजर चार वीसला. त्यानंतरची गाडी थेट रात्री.

बापाची अट साधी होती. नत्थूजींनी ती साऱ्या गावासमोर सांगितली होती, त्यामुळे त्यांनाही मोडायची सोय नव्हती. दिवेलागणीच्या आत पोरगी घरात. एक दिवस चुकली, की कॉलेज बंद. अडीच वर्षं चुकली नव्हती, आता बी. एस्सी.ची परीक्षा तीन महिन्यांवर आलेली. रोज ती प्रयोगशाळेतून धावत सुटायची, आणि तिचा पाय पायरीवर पडला रे पडला, की बस सुटायची. नशीब म्हणतात ते हेच, असं ती मैत्रिणींना हसून सांगायची.

काल मात्र वाटेत बस रखडली आणि पॅसेंजरच्या शेवटच्या डब्याचा दांडा कसाबसा हाती लागला. रात्रभर तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. म्हणून आज प्रयोग अर्धा टाकून, सरांची बोलणी खाऊन, ती वीस मिनिटं आधीच, कंडक्टरही यायच्या आत, रिकाम्या बसमध्ये येऊन बसली. डिसेंबरची थंडी, डोक्यावरून शाल ओढलेली. मग मैदानावरचा सामना संपला आणि पोरांनी बस अशी गच्च भरली, की मागचं दार दिसेनासं झालं.

"अरे चलो ना, कंडक्टर!" कोणीतरी ओरडलं.

"दोन मिनिटं, बाप्पा! एक सवारी बाकी आहे," मागून शालिकराम कंडक्टरचा आवाज आला.

कोण हा लाटसाहेब, ज्याच्यासाठी साठ माणसं खोळंबलीत? गोपिकेने मनातल्या मनात त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. आयुष्यात कुणाचा इतका राग तिला आला नव्हता.

पाच मिनिटं गेली. खिडकीतून पाहते तो शालिकराम खाली उतरून रसायनशास्त्राच्या इमारतीकडे तरातरा निघालेला. चहाला चालला असणार. तिला रडू फुटायचंच बाकी राहिलं.

"भाऊ, चला ना," ती ड्रायव्हरला म्हणाली. "माही गाडी चुकून राहिली."

चंपतराव ड्रायव्हरने मागे वळूनही पाहिलं नाही. "दोन घंट्या पडल्याशिवाय मी गिअरले हात लावत नाही, बाई."

घंटीची दोरी तिच्या डोक्यावरूनच गेली होती. घड्याळात तीन त्रेपन्न. वर्गात हजेरीलासुद्धा जिचा आवाज फुटत नसे, ती गोपिका उठली आणि तिने दोरी दोनदा ओढली.

बस निघाली. निघाली आणि शंभर पावलांवर पोरं पत्रा बडवायला लागली, "अरे, कंडक्टर राहिला! कंडक्टर राहिला!" चंपतरावने करकचून ब्रेक मारला. मागून शालिकराम पळत आला, मांडीवर तिकिटांची पेटी आपटत, आणि पोरांना ढकलत थेट पुढे घुसला.

"कोणं वाजवली बे घंटी? एका लेकराचं नुकसान काहून करता?"

पोरं बाजूला झाली. गोपिकेचा हात अजून दोरीवरच होता.

शालिकराम पाहतच राहिला. "तू इथंच बसून आहे का वं? अन् मी तुले तिकडं ढुंढून राहिलो! रोज तुह्याचसाठी तं गाडी थांबवतो मी. आज तं तुह्या लॅबमध्ये जाऊन पाहून आलो."

गोपिकेने दोरी सोडली. तिचं अडीच वर्षांचं नशीब खाकी कपड्यांत, घामाघूम होऊन समोर उभं होतं.

"चंपतराव, उडवा गाडी!" शालिकरामने दोन घंट्या मारल्या. चंपतरावने मग खरंच जिवाचं रान केलं. दोन थांबे सोडले, उतरणाऱ्यांच्या शिव्या खाल्ल्या. पण सीताबर्डीच्या बाजारात सायकली आणि रिक्षा आडव्या आल्या, आणि तिथे उडायची सोय नव्हती.

स्टेशनवर चार बावीस झाले होते. गोपिका तरीही धावली. फलाटावर भुईमुगाची टरफलं होती आणि एक हमाल बिडी पेटवत होता. पॅसेंजर एवढी वेळेवर कधी सुटत नसे.

ती बाहेर आली तेव्हा शालिकराम बसच्या दाराशीच उभा होता. तिचा चेहरा पाहून त्याने कपाळावर हात मारून घेतला.

"माहं चुकलं, पोरी. उद्यापासून आधी तुही सीट पाहीन, मंग बाहेर पाहीन. अन् तू सीटवर नसली तं दहा मिनिटं थांबीन. कोणाले बोंबलाचं ते बोंबलू दे. परीक्षा होऊ दे तुही, मंग पेढे आण मले."

नका थांबू, उद्यापासून मी येणारच नाही, असं तिच्या ओठावर आलं होतं. समोरच्या अंधाऱ्या दुकानात कोणीतरी दिवा लावला. शालिकराम उत्तराची वाट पाहत होता, रोज तिची पाहायचा तशीच.

"हो, काका," गोपिका म्हणाली. "थांबा."