थंड गल्ली

माहितीपट गल्लीतल्या पडद्यावर लागला, तशी भागरथाबाईंनी पोराटोरांना दटावून गप्प केलं. बाहेर पारा त्रेपन्नावर होता. माहितीपट करणाऱ्या ऋताचा कॅमेरा चित्रासोबत घराघरातली गरमीही मोजायचा, आणि त्या आकड्यावर थंड हवा आणणारी सरकारी गारव्याची नळी कुठल्या गल्लीला द्यायची ते ठरायचं.

पडद्यावर बाईंची खोली आली. खाली आकडा आला, एकतीस. मागोमाग निकाल: या गल्लीला नळीची गरज नाही.

सगळ्या माना बाईंकडे वळल्या. शूटिंगच्या दिवशी पाहुणी येणार म्हणून त्यांनीच आठ घरांचे माठ रिकामे करून भिंती भिजवल्या होत्या, दाराला ओलं गोणपाट बांधलं होतं.

पडद्याशेजारी उभी ऋता पुटपुटली, "आजी, मशीननं मोजलं तेच मी दाखवलं."

"मशीनला काय कळतंय? तू तर त्याच ओल्या भिंतीला टेकून माझ्या हातची आंबील प्यालीस. लेक म्हटलं होतं गं तुला! तुला घाम येऊ नये म्हणून आठ घरं दोन दिवस तहानलेली राहिली. तेवढं बोलायला जीभ झडली होती?"

ऋतानं खांद्यावरचा कॅमेरा मागे सरकवला.

बाईंनी दारावरचं वाळून कडक झालेलं गोणपाट ओढून काढलं आणि तिच्यापुढे टाकलं.

"बस यावर. कॅमेरा चालू कर. आज पाहुणचार नाही."