गुरुवारचा पिवळा

"असा पिवळा तुम्हाला जगात दुसरीकडे मिळायचा नाही," पक्षीवाला म्हणाला, आणि पिंजऱ्यात हात घालून त्याने तो पक्षी थेट पोरीच्या नाकासमोर धरला. पोरीने श्वासच रोखला.

तिची आई शंभराच्या तीन नोटा मुठीत दाबून उभी होती. कापड रंगवायच्या कारखान्यात कामाला होती ती. पोर दुपारी शाळेतून यायची, आतून कडी लावायची आणि आई येईपर्यंत खोलीत एकटी बसायची. हल्ली ती भिंतीवरच्या घड्याळाशी गप्पा मारायला लागली होती. घड्याळाला "आज उशीर झाला का रे तुला?" असं विचारताना आईने ऐकलं, आणि पक्षी घ्यायचं ठरलं. हौसमौज नव्हती ती.

तपकिरी पक्षी दोनशेला होता, पिवळा तीनशेला. पिंजऱ्याचे आणखी तीनशे. परवा पगारातून एक दिवस कापला गेला नसता तर पिंजराही आला असता. आता भाजीची टोपली उपडी घालून भागवायचं, असं मायलेकींनी येताना वाटेत ठरवलं होतं.

"तपकिरीच द्या," आई म्हणाली. निदान दाण्यांना शंभर उरले असते.

"अहो, तपकिरी म्हणजे चिमणीच की! पोरीला काय चिमणी घेऊन देणार?" पक्षीवाला हसला. "हा विदेशी आहे. शेवटचा उरलाय. तुमच्याकडे बघून तीनशे म्हटलं."

तुमच्याकडे बघून! तिच्या विटलेल्या ओढणीकडे आणि झिजलेल्या चपलांकडे त्याने खरोखरच बघून घेतलं होतं. तिने दात आवळले. पोर काही मागत नव्हती, हट्टही करत नव्हती. नुसती त्या पिवळ्याकडे बघत होती.

"द्या पिवळाच," आई म्हणाली आणि तिने मूठ उघडली.

पक्षीवाल्याने पक्षी पिशवीत घालायला दाराकडे वळवला. पक्ष्याच्या पाठीवर ऊन पडलं, आणि आईचा हात नोटांसकट तिथेच थांबला.

तो पिवळा नुसता पिवळा नव्हता. त्यात हिरव्याची एक झाक होती, अगदी पुसट. कुणाला दिसली नसती. तिला दिसली, कारण ती तिनेच घातली होती. गुरुवारी निळ्यातून काढलेला ढवळायचा दांडा न धुता तिने पिवळ्याच्या टाकीत घातला होता आणि अख्खी टाकी नासली होती. सगळ्या बायकांसमोर मुकादमाने तिला नाही नाही ते सुनावलं. आता हा रंग गटारात ओतायचा, म्हणाला. आणि नुकसानीपोटी तिचा एक दिवस कापला.

तो गटारातला रंग आता तिच्यासमोर डोळे मिचकावत बसला होता.

तिने आपला हात पक्ष्याशेजारी धरला. नखांच्या कडांना तोच पिवळा होता. डोकंच फिरलं तिचं.

"खरं बोललात तुम्ही," ती म्हणाली. "हा पिवळा जगात दुसरीकडे नाही. माझ्या हातून चुकून झालाय तो. गुरुवारी."

"काय बोलताय, बाई? विदेशी जात आहे ही."

तिने रुमालाचं टोक पक्ष्यांच्या पाण्याच्या वाटीत बुडवलं, पक्षी त्याच्या हातातून काढून घेतला आणि एका पंखावरून हलक्या हाताने रुमाल फिरवला. रुमाल पिवळा झाला. पंख तपकिरी. चिमणीसारखा.

पोपट बघायला आलेलं एक म्हातारं जोडपं बोलता बोलता थांबलं.

"मुकादमाला किती दिलेत?" तिचा आवाज चढला.

"डब्याचे शंभर फक्त..." पक्षीवाल्याने जीभ चावली. मग तो जवळ सरकून कुजबुजला, "बाई, हळू बोला. तुमच्यासारख्यांनाच तर रंगीत पाहिजे असतं, तेही स्वस्तात. मी कुठून आणू? जा घेऊन. एक पैसा देऊ नका. पण गवगवा नको."

"आमच्यासारख्यांना?" ती आता ओरडतच होती. "आमच्यासारख्यांनी रंगवायचं, आमच्यासारख्यांचा पगार कापायचा आणि आमच्याच पोरांच्या गळ्यात बांधायचं! वर फुकट देताय? भीक मागायला आलेय का मी?"

तिने दोन नोटा गल्ल्यावर आपटल्या. तिसरी ओढणीच्या टोकाला बांधली. मग वर टांगलेला एक पिंजरा काढला आणि पक्षी त्यात सोडला.

"अहो, पिंजऱ्याचे तीनशे..."

"ते मुकादमाकडून घ्या. माझा गुरुवार त्याच्याकडेच आहे."

पक्षीवाल्याने म्हाताऱ्या जोडप्याकडे पाहिलं आणि तोंड मिटलं. म्हातारी आपल्या पसंतीच्या पोपटाला बोट लावून बघत होती.

रस्त्यावर आई इतक्या तरातरा चालत होती, की पोरीला पिंजरा छातीशी धरून मागून पळावं लागत होतं. आत पक्षी घाबरून दांडीला चिकटला होता, एका पंखाने तपकिरी आणि बाकी सगळा पिवळा. बरंच अंतर गेल्यावर पोरीने विचारलं, "आई, याचा राहिलेला रंग कधी जाईल?"

"जाईल," आई वळून न बघता म्हणाली. राग अजून आवाजात होता. "माझ्या नखांचा जातो तसा."

पोर धावत येऊन तिच्या बरोबरीने चालू लागली. तिने आईच्या हाताकडे नीट पाहिलं.

"तुझा कुठे जातो?"