एक नंबरची टाकी

“पंप बंद करा! आधी पंप बंद!”

त्र्यंबक ऑफिसच्या पायऱ्या उतरतानाच ओरडला. एक नंबरच्या टाकीतून टँकरमध्ये स्पिरिट भरणं चाललं होतं आणि पत्र्याचा आवाज येत होता. धाड. जरा थांबून पुन्हा, धाड.

साखर कारखान्याच्या या डिस्टिलरीचा ताबा त्याच्याकडे येऊन वर्ष झालं नव्हतं. तो येण्याच्या आधीच्या उन्हाळ्यात इथली एक टाकी चेपून बसली होती. टाकीतलं स्पिरिट उपसलं की तेवढी हवा माथ्यावरच्या झडपेतून आत जावी लागते. झडप अडकली तर आत पोकळी होते आणि बाहेरची हवाच टाकीला चिरडते. पायाखाली आलेल्या डब्यासारखी ती टाकी अजून कुंपणाशी पडली होती, आणि त्र्यंबकला ती रोज येता-जाता दिसायची. पत्रा नुसता करकरला तरी त्याच्या छातीत धस्स व्हायचं.

पिराजी फिटरनं पंप थांबवला. आवाज थांबला नाही.

“कृष्णातला वर चढव. त्याला झडप ठाऊक आहे.”

“कृष्णात कुठला, साहेब? दोन नंबरची टाकी धुतली आन् घरी गेला त्यो. आज कबनूरचं पावणं येणार हायत न्हवं, पोरगी बघायला.”

“मग मी जातो. तुम्ही सगळे गेटबाहेर व्हा. ड्रायव्हरलाही न्या.”

“साहेब, टाकी बसली म्हंजे...”

“म्हणूनच सांगतोय, पळा!”

माणसं पळाली. त्र्यंबक शिडी चढू लागला. दोन्ही टाक्या एकाच पाइपानं जोडलेल्या, एकमेकींना खेटून उभ्या. आवाज शिडीच्या दांड्यांतून थेट हातात येत होता. धाड, धाड. मग बराच वेळ काही नाही. तेच जास्त भीतीचं वाटत होतं. घामानं पकड सुटत होती.

वर पोचून त्यानं झडपेचं टोपण काढलं आणि आतली तबकडी बोटानं उचलली. ती सहज वर आली. अडकली होती की नव्हती, त्याला कळेना. तशीच धरून ठेवली. खालून एक आवाज आला, दबका. मग आणखी एक, त्याहून हलका. मग काहीच नाही.

तो कान देऊन बसून राहिला. टाकी गप्प झाली होती.

तो खाली आला. माणसं परत आली. ड्रायव्हरनं हात जोडले.

“वाचिवलंसा, साहेब,” पिराजी म्हणाला. “दुसरा असता तर आमच्या आधी पळाला असता की.”

या नोकरीत पहिल्यांदाच त्र्यंबक मोकळेपणानं हसला. सगळ्यांना चहा सांगितला.

चहाच्या आधी झुंबरबाई आली, कृष्णातची बायको. ठेवणीतलं लुगडं नेसलेली, उन्हातून भराभरा चालत आल्यानं धापा टाकत.

“साहेब, ह्यांस्नी लावून द्या की! पावणं कवाचं येऊन बसल्यात, आन् ह्यांचा पत्त्या न्हाई.”



पिराजी दोन नंबरच्या टाकीकडं बघत राहिला.

“म्या आत हाक मारली हुती,” तो म्हणाला. “कुणी ओ दिली न्हाई, म्हणून झाकण आवळलं.”