तपासणाऱ्याची चौकट

“या सोयराबाई कुठल्या डिपार्टमेंटच्या?”

बाहेरच्या कॉलेजातून आलेले परीक्षक त्रिविक्रम सर. त्यांचं बोट ड्रॉइंगच्या उजव्या कोपऱ्यावर होतं. तिथं दोन चौकटी. काढणारे: मुग्धा, पुढं तिचं आडनाव. तपासणारे: सोयराबाई.

मागच्या बाकांवर पोरं खिदळली. पद्मनाभ सरांचा चेहरा उतरला. ते मुग्धाचे गाईड. दुसऱ्या चौकटीत नाव त्यांचं हवं होतं.

“चुकून पडलंय, सर. खोडेल ती.” त्यांनी पेन पुढं सरकवलं आणि तिच्या कानाशी लागले. “शहाणपणा नको. खोड.”

मुग्धानं पेन हातात घेतलं. होसकोट्याच्या कारखान्यात नोकरी ठरली होती, पण फर्स्ट क्लास मिळाला तर. आणि मार्कांत पद्मनाभ सरांचा वाटा होता.

नाचणीची मळणी करायचं छोटं यंत्र, हा तिचा प्रोजेक्ट. त्याचा शाफ्ट, म्हणजे मधला फिरता दांडा, करून घ्यायला ती राजाजीनगर पालथं घालून आली होती. चार वर्कशॉपांत एकच उत्तर. “ग्रुपमधला मुलगा पाठव.” अरे, मेकॅनिकलच्या वर्गात ती एकटी मुलगी, आणि प्रोजेक्टही एकटीचा. मुलगा आणायचा कुठून? पाचव्या शेडमध्ये लेथवर बाईच उभी होती. नवरा गेला तशी साडीचा पदर खोचून त्याच्या मशीनवर उभी राहिलेली. पोट कुणाचं थांबतं?

सोयराबाईंना इंग्रजी अक्षर वाचता येत नव्हतं. आकडे येत होते. त्यांनी ड्रॉइंग उजेडात धरलं, बेअरिंग त्यावर ठेवलं आणि हसल्या.

“हा खांदा स्वल्प मोठा झाला की गं पोरी. फिरायच्या आधीच बेअरिंग खाईल बघ.”

शाफ्टचा खांदा, म्हणजे त्याचा जाड टप्पा, टेकायला हवा बेअरिंगच्या आतल्या, फिरणाऱ्या कड्याला. मुग्धानं तो एवढा रुंद काढला होता की बाहेरच्या कड्यावर घासला असता. अठ्ठेचाळीस मिलिमीटर. हवा होता तेहेतीस. पंधरा मिलिमीटरच्या घोडचुकीला ती बाई ‘स्वल्प’ म्हणाली. कॉलेजात कुणी असं बोललं असतं? वर्गासमोर सालटी काढली असती. आणि गंमत अशी की त्याच चुकीच्या कागदावर पद्मनाभ सरांची सही होती. फोनवर बोलता बोलता केलेली.

“अक्का, तुम्ही करून द्या,” मुग्धा म्हणाली होती.

“मी कशाला? तुझे हात काय झिजलेत?” सोयराबाईंनी तिला लेथपुढं उभं केलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तिला मशीनपुढून बाजूला हो म्हणालं नव्हतं.

मुग्धानं पेन टेबलावर ठेवलं.

“सर, खोडायचंच तर माझं नाव खोडते. चुकीचं मी काढलं, तुम्ही सही केलीत. तपासलं ते त्यांनी एकट्यांनी.”

पद्मनाभ सर खिडकीबाहेर बघायला लागले.

त्रिविक्रम सरांनी टेबलावरच्या यंत्राच्या शाफ्टला बोटानं टिचकी मारली. तो आवाज न करता फिरत राहिला. थांबेपर्यंत ते बघत होते.

“सकाळपासून नऊ यंत्रं पाहिली,” ते म्हणाले. “फिरलं हे एकच.”

मुग्धाच्या डोळ्यांत पाणी आलं. आत्ता शेडमध्ये जाऊन अक्कांच्या पाया पडावं असं तिला झालं.

सरांनी ड्रॉइंग तिच्याकडं परत ढकललं.

“मग हे नुसतं सोयराबाई काय? घरी भांडी घासायला येतात का त्या? पूर्ण नाव लिही.”

मुग्धानं उत्साहानं पेन टेकवलं. ते तिथंच अडलं. तीन आठवडे त्या बाईनं तिचा हात धरून शिकवलं होतं, आपल्या डब्यातलं चित्रान्न तिला खाऊ घातलं होतं. मुग्धानं एकदाही आडनाव विचारलं नव्हतं.