काहिलीतली जागा

पैनगंगेवर सकाळ उजाडत होती. उजेड एकदम पाण्यावर आला नाही. तो पलीकडच्या बाभळींच्या शेंड्यांवर थोडा थांबला, तिथून ओल्या चिखलावर उतरला आणि मग, घरात कोणी निजलेले असावे अशा बेताने, अलीकडच्या काठाला टेकलेल्या काहिलीत शिरला. गूळ खरवडून खरवडून झिजलेले तिचे लोखंड आतून फिकट उजळले. रोजचाच उजेड होता तो. पश्चिमेला मात्र आभाळ काळे झाले होते आणि नदी दोन्ही थडी भरून गढूळ वाहत होती.

उसाचा रस आटवायची ती मोठी पसरट काहील इंद्रभानची. गुऱ्हाळ मोडल्यापासून नदीपलीकडच्या शेतावर जायला तीच त्याची नाव. गोल काहिलीत माणसे समोरासमोर बसली तरच तोल राहतो. एकटा माणूस समोर धोंडा ठेवतो. या पावसाळ्यात इंद्रभान एकटाच जाई, पण धोंडा ठेवत नसे.

“भाऊ!” डोक्यावरची बांगड्यांची टोपली सावरत युनूस मणियार धावत आला. “मायी बायको लतीफा बाळंतपनात अडली म्हनते. रातभर तडफडून राह्यली. मले पल्याड घरी सोडा.”

इंद्रभानने आभाळाकडे पाहिले. “चाल. पन समोर नोको बसू. मायाजवळ बस. तिथं रंगू बसते.”

इंद्रभानची बायको बसायची त्या रिकाम्या लोखंडाकडे युनूसने पाहिले. गावात सर्वांना ठाऊक होते. बोलत कोणी नसे.

“बरं,” तो म्हणाला आणि टोपली मांडीवर घेऊन इंद्रभानला खेटून बसला.

धारेला लागताच पाऊस कोसळला. दोन्ही काठ पुसले गेले. काहील गिरक्या घेत त्यांच्याच बाजूला कलू लागली. पावसाच्या आवाजात बांगड्या किणकिणल्या. इंद्रभान समोर पाहून हसला.

“भेऊन राह्यली. पूर आला का अशीच भेते.”

“माया टोपलीतल्या वाजल्या, भाऊ.”

पाण्याचा लोंढा काहिलीच्या काठावरून आत आला. युनूस ओंजळीने उपसू लागला, पण उपसले त्याहून अधिक पाणी भरत होते.

“बुडतो ना आपन! सरकू द्या मले तिकडं!”

“मंग तिनं कुठं बसाव?”

युनूसचे हात थांबले.

“शेवटच्या बांगड्या मीच भरल्या तिले, भाऊ,” तो म्हणाला. “हिरव्या. हात कडक झाला होता, बायांले जमेना, म्हून तुमीच मले बलावलं. दोन फुटल्या. तुमी म्हनले, हळू भर, तिले दुखंन.”

इंद्रभानचे वल्हे पाण्यात तसेच राहिले. पाणी त्याच्या पोटऱ्यांपर्यंत चढले. तो समोर पाहत होता. डोळ्यांतला पाऊस त्याने पुसला नाही.

“जाय,” तो अखेर म्हणाला. “बस तिथं.”

युनूस टोपली छातीशी धरून रांगत पलीकडे गेला. काहील सावकाश सरळ झाली.

पलीकडच्या दरडीवर युनूसची आई मेहरबी पदर डोक्यावर ओढून उभी होती. “पोरगी झाली रे!” ती वरूनच ओरडली. “दोघीबी जित्या हायेत!” युनूस चिखलातून घसरत, उठत वर धावला. मागे वळून पाहण्याचे त्याला सुचले नाही.

पाऊस ओसरला. सकाळचा तोच उजेड पुन्हा पाण्यावर आला. इंद्रभान बराच वेळ काठावर उभा राहिला. मग त्याने एक धोंडा उचलला, त्याचा चिखल नदीत धुतला आणि तो अलगद, आवाज न होऊ देता, समोरच्या जागी ठेवला.

रंगू मेली होती.